पंखे बंद होईपर्यंत

मार्चच्या मध्याला बंगळुरूतली गुलाबी फुलांची झाडं फुलतात. पानं आधीच गळून गेलेली असतात, त्यामुळे फांद्यांवर फक्त रंग उरतो. लोक स्कूटर थांबवून फोटो काढतात. जे. पी. नगरमधल्या आमच्या रस्त्यावर अशी तीन झाडं आहेत. त्यांच्या सावलीत पाण्याचे टँकर उभे राहतात. टँकर निघतो तेव्हा त्याच्या पाठीवर फुलांचा थर असतो आणि पहिल्याच गतिरोधकावर तो रस्त्यावर सांडतो.

याच दिवसांत आमचा उपवासकाळ येतो. बोलताना आम्ही लेंट म्हणतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. घरात मटण शिजत नाही, लग्नाची बोलणी होत नाहीत, उपासनेच्या टेबलावर जांभळं कापड येतं. दरवर्षी हे सारखंच असतं. मला मात्र या चाळीस दिवसांत एकच वर्ष आठवतं, पप्पा गेले ते. त्या वर्षी पाणी लवकर आटलं होतं आणि झाडं नेहमीपेक्षा जास्त फुलली होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं नंतर कोणीतरी मला सांगितलं. झाडाला ताण पडला की ते जास्त फुलतं म्हणे. मी हे तपासलेलं नाही.

आठवण सुरू होते ती पंख्यांपासून.

आमच्या मराठी मंडळीला स्वतःचं चर्च नाही. दर रविवारी दुपारी अडीच वाजता आम्ही दुसऱ्या एका चर्चच्या सभागृहात जमतो. सकाळी तिथे तमिळ उपासना होते, मग इंग्रजी. आम्ही पोचतो तेव्हा बाकांना अजून माणसांची ऊब असते आणि भिंतीवरच्या लाकडी फळीवर सकाळच्या गीतांचे आकडे लावलेले असतात. पप्पा ते आकडे काढून आमचे लावायचे. मग आठ पंखे सुरू करायचे, एकेक करून, कारण सगळे एकदम लावले की फ्यूज उडायचा. चार वाजता तिथला रखवालदार अँथनी अण्णा दारात येऊन विचारायचा, "अक्का, आयिता?" झालं का, असं. त्याला पुढच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडायच्या असायच्या.

अक्का म्हणजे माझी आई, विजया. बहुतेक रविवारी उपासना तीच चालवायची. लग्नाआधी ती नगरकडे मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. बंगळुरूला आल्यावर एका शाळेत नर्स झाली. वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता. पप्पा तिला घरात आणि बाहेर सिस्टर म्हणायचे. ते एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि मंडळीचे सेक्रेटरी. दोन्ही कामं ते एकाच पद्धतीने करायचे. पेन्सिलीला टोक काढून ठेवायचं, रेघ पट्टीनेच मारायची, आणि एकदा सही झाली की कागदाला हात लावायचा नाही. लेखी चूक लेखीच दुरुस्त करायची, तोंडी दुरुस्ती म्हणजे गप्पा, असं ते म्हणत.

आम्हाला कायमचे पाळक नव्हते. तीन महिन्यांतून एकदा पुण्याहून एक पाळकसाहेब यायचे. ते आले की भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन व्हायचं आणि शेवटी आशीर्वचन.

आशीर्वचन म्हणजे उपासनेचं शेवटचं अर्ध मिनिट. पाळक दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलतात, तळवे लोकांकडे करतात आणि दोन-तीन ओळी म्हणतात. लोक माना खाली घालून त्या घेतात. घेतात हाच शब्द बरोबर आहे. प्रार्थना कोणीही करू शकतं, शाळकरी मूलसुद्धा. आशीर्वचन फक्त दीक्षा झालेला पाळक उच्चारतो. यातला फरक पप्पांनी मला मी लहान असताना समजावला होता. प्रार्थनेत आपण मागतो आणि आशीर्वचनात देतो. मागायला अधिकार लागत नाही, द्यायला लागतो.

त्यामुळे पाळकसाहेब नसलेल्या रविवारी आमची उपासना नीट संपायचीच नाही. शेवटचं गीत व्हायचं. लोक उभे असायचे. आई टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकवून खाली बघायची आणि मग काहीच व्हायचं नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, आई काहीतरी विसरली. तेवढ्यात पप्पा मागच्या भिंतीशी जाऊन पंखे बंद करायचे, लावले होते त्याच्या उलट क्रमाने. पाती थांबेपर्यंत लोक उभे राहायचे. मग कोणीतरी खोकायचं, कोणीतरी पिशवी उचलायचं. आमच्याकडे पंखे थांबणं हाच शेवट होता.

निखिल नावाचा एक नागपूरचा मुलगा व्हाइटफील्डहून मेट्रो बदलून येतो. आयटीतला आहे. तो एकदा आईला म्हणाला, "आँटी, तुम्ही आम्हाला ब्लेसिंगशिवाय घरी पाठवता ना, म्हणून आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकतो."

"तू मेट्रोने येतोस," आई म्हणाली.

"जाताना कॅब करतो ना, आँटी."

"मग जातानाही मेट्रो कर. तिला ब्लेसिंग लागत नाही."

पप्पा हसले नाहीत. या विषयावर ते हसत नसत. त्याला कारण होतं. ते आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांच्या आईला क्षय झाला. औषध सुरू होतं. गावात एक माणूस आला. तो ना पाळक होता, ना कुठल्या मंडळीचा. तो घरोघरी जाऊन आजाऱ्यांवर हात उचलायचा आणि सांगायचा, तू बरी झालीस, आता गोळी घेशील तर तुझा विश्वास खोटा. माझ्या आजीने गोळ्या बंद केल्या. तिचा विश्वास खरा होता. पावसाळ्याआधी ती गेली. पप्पांनी हे मला एकदाच सांगितलं, बातमी सांगावी तसं. शेवटी म्हणाले, "म्हणून विचारायचं. हात वर करणाऱ्याला आधी विचारायचं, कोणी दिला अधिकार?"

या वाक्याविरुद्ध मला आजही काही बोलता येत नाही.

आईने एकदा हात वर केले होते.

पप्पांच्या आजारपणाच्या बऱ्याच आधीची गोष्ट. पाळकसाहेब यायचे होते, त्यांची गाडी वाटेत अडकली. टेबलावर भाकर आणि द्राक्षरस तयार होता. आईने त्याला हात लावला नाही, वर पांढरा रुमाल टाकला आणि साधी उपासना घेतली. पहिल्या बाकावर स्नेहल बसली होती. तिचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्याला नऊ दिवस झाले होते. त्या दिवशी आशीर्वचन मिळणार म्हणून ती पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. तिच्या नवऱ्याने हे आईला दारातच सांगितलं होतं. शेवटचं गीत संपलं. पप्पा पंख्यांच्या बटणांकडे निघाले. आईने स्नेहलकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

मी तिथे होते. हात खांद्यांच्या वर गेले, तळवे लोकांकडे झाले, आणि ती तेच शब्द म्हणाली, वॉर्डच्या आवाजात, एकही शब्द न चुकता. स्नेहल रडली नाही. तिने मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही. पंखे चालूच राहिले. पप्पांचा हात बटणावर होता.

पुढच्या महिन्यात समितीची सभा झाली. पाच माणसं, त्यांत माझे आई-वडील. कोणाचीही तक्रार नव्हती. विषय पप्पांनीच मांडला. इतिवृत्ताच्या वहीत त्यांच्या ड्राफ्ट्समनच्या अक्षरात तीन ओळी आहेत: श्रीमती विजया यांनी अधिकार नसताना आशीर्वचन उच्चारले. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. नोंद घेण्यात आली. खाली सगळ्यांच्या सह्या आहेत. आईचीही.

त्या दिवशी जेवताना ती पातेलं हातात धरून उभी राहिली. "दिलगिरी व्यक्त करून झाली. आता भात वाढू, की त्यालाही ठराव लागतो?"

"वाढ, सिस्टर," पप्पा म्हणाले. "चिडू नकोस. उद्या दुसरा कोणी उठून हात वर करील. तेव्हा मी काय दाखवू?"

"मी दुसरी कोणी नाही."

"वहीत सगळे सारखेच."

तिने भात वाढला. त्यानंतर तिचे हात टेबलाच्या कडेवरून उचलले गेले नाहीत. पूर्वी ते नुसते टेकलेले असायचे. आता ते कड धरून असायचे.

पप्पांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. जानेवारीत कळलं, फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. राखेचा बुधवार होऊन गेला होता, लेंट सुरू झाला होता. आईने पुढच्या खोलीचा वॉर्ड केला. खिडकीशी पलंग, उशाशी स्टूल, स्टूलवर घड्याळ आणि कापसाची बरणी. बोअरवेल कोरडी पडली होती आणि टँकर एक दिवसाआड येत होता. तिने बादल्यांवर पट्ट्या चिकटवल्या. लाल पट्टीची बादली पेशंटची. "हिच्यातलं तांब्याभर कोणी घेतलं तर मला सांगायचं नाही, सरळ घर सोडायचं," ती म्हणाली. ऐकायला घरात मी एकटीच होते.

मी वर्तमानपत्रात डेस्कवर काम करते. इतरांनी लिहिलेलं वाचून त्यातल्या चुका काढणं हे माझं काम. तेव्हा दुपारची पाळी होती, म्हणून सकाळ मी घरी असायची. त्या सकाळी अजून माझ्याजवळ आहेत: कलिंगडाच्या रसात बुडवलेला कापूस, पप्पांच्या ओठांच्या भेगा, जंतुनाशकाचा वास, खाली टँकरचा पंप सुरू झाल्यावर खिडकीच्या काचेला येणारी थरथर. आणि सकाळभर खिडकीतून दिसणारं ते पानं नसलेलं झाड. पप्पांनी एकदा त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे जरा जास्तच झालं." ते झाडाबद्दल बोलत होते की आजाराबद्दल, मी विचारलं नाही.

एका गुरुवारी टँकर आला. आई पाइप धरायला खाली गेली. पप्पांनी मला इतिवृत्ताची वही काढायला सांगितली. निळी, काळ्या कापडाच्या पाठीची. त्यांनी मला वर्ष आणि महिना सांगितला. पान उघडून मी त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ती नोंद काढून टाकायला सांगितली, आणि मग आईबद्दल एक वाक्य म्हणाले. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता, ते हळू बोलले.

मी म्हणाले, "पप्पा, मंजूर झालेलं इतिवृत्त असं खोडता येत नाही. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडावी लागेल."

हे मी विचार न करता म्हणाले. त्यांनीच शिकवलेलं होतं. ऑफिसमध्येही मी दिवसभर असंच बोलते. पप्पांनी मान डोलावली. मग बोटाने वही बंद करायची खूण केली. पुढची सभा ईस्टरनंतरच्या आठवड्यात होती. मी वही जागेवर ठेवली. खाली पंप थांबला, काच थांबली, आई दोन बादल्या घेऊन वर आली. तिच्या केसांत फुलं अडकली होती. मी तिला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं सभेत होणार होतं.

चार दिवसांनी, सोमवारी सकाळी, पप्पांनी तिला हाक मारली. ती त्यांची चादर बदलत होती. मी दारात होते.

"सिस्टर, आशीर्वचन म्हण."

"प्रार्थना करते," ती म्हणाली. "डोळे मिटा."

"प्रार्थना नको. ती रोज करतेस. हात वर करून म्हण."

आई चादरीची कड गादीखाली खोचत राहिली. एक बाजू झाली, मग दुसरी. "पाळकसाहेबांना फोन करते. ते येतील."

"ते नको. तू."

"अहो, मला तो अधिकार नाही," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तुम्हीच लिहिलंय."

पप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी ते काढायला सांगितलंय, एवढंच. मी बोलले असते तर तिने मला विचारलं असतं, मग तू काय केलंस? मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं. शिवाय मला वाटलं, हे त्यांचं दोघांचं आहे, ते स्वतः सांगतील. ते सांगणार नव्हते. लेखी चूक तोंडी दुरुस्त होते यावर त्यांचा आयुष्यभर विश्वास नव्हता. आता विचार केला की वाटतं, हात वर करून म्हण, ही त्यांच्याकडून झालेली एकमेव तोंडी दुरुस्ती होती. त्या क्षणी मला ते दिसलं नाही. आईला दिसायला तिच्याकडे माहिती नव्हती. माहिती माझ्याकडे होती.

तिने पाळकसाहेबांना फोन केला. ते दुसऱ्या एका मंडळीच्या कामात होते, रविवारी पोचतो म्हणाले, आणि तोवर व्हिडिओवर आशीर्वचन देतो म्हणाले. आईने फोन पप्पांच्या चेहऱ्यासमोर धरला. पाळकसाहेबांनी हात वर केले तेव्हा ते पडद्याच्या बाहेर गेले. आम्हाला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता आणि मागे कोणाचं तरी कॅलेंडर. पप्पा डोळे उघडे ठेवून ऐकत होते. झाल्यावर "थँक यू, साहेब" म्हणाले. मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

आई त्या दोन दिवसांत त्यांच्याजवळून उठली नाही. तिने त्यांचं अंग पुसलं, नखं कापली, पाठीला तेल लावलं, तोंड ओलं ठेवलं. ते सगळं तिने त्याच हातांनी केलं. भक्ती हा शब्द आमच्या गीतांमध्ये फार वेळा येतो आणि मी तो फार वेळा गायले आहे. तो कसा दिसतो ते मी त्या दोन दिवसांत बघितलं: वाकलेली पाठ आणि खांद्यांच्या खाली राहिलेले हात. पण पप्पांनी जे मागितलं होतं ते वेगळं होतं, आणि ते त्यांना मिळालं नाही.

बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला तिने त्यांची नाडी धरली, उशाशी ठेवलेल्या घड्याळात बघितलं आणि वेळ सांगितली. मी ती कागदावर लिहून घेतली. असं का केलं, माहीत नाही. लाल पट्टीच्या बादलीत त्यांना अंघोळ घालण्यापुरतं पाणी शिल्लक होतं.

शहरातल्या दफनभूमीत जागा मिळाली नाही. आनेकलच्या वाटेवर मिळाली, माळावर, एका छोट्या कारखान्याच्या भिंतीला लागून. ज्यांच्या सभागृहात आम्ही जमतो त्या चर्चचे पाळक आले. चांगले माणूस. त्यांनी इंग्रजीत विधी केला आणि शेवटी हात उचलून आशीर्वचन दिलं. निखिल आला होता, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यातच राहिलेलं. स्नेहल आणि तिचा नवरा आले होते, त्यांच्या मुलीला घेऊन. स्नेहलने आईचे दोन्ही हात धरले आणि मग सोडले. आईने माती टाकली. कारखान्याची पाळी सुटली तेव्हा भोंगा वाजला आणि पप्पा हयात असते तर त्यांनी घड्याळ जुळवून घेतलं असतं.

ईस्टरनंतर सभा झाली. पहिला विषय पप्पांच्या दुखवट्याचा, दुसरा नव्या सेक्रेटरीचा. मला निवडलं. तिसरा विषय मी मांडू शकले असते. वही माझ्याच हातात होती, पान मला माहीत होतं. पण ज्यांची सूचना, ते हयात नव्हते, आणि मांडायची तर आईच्या समोर मांडावी लागली असती, की त्यांनी हे मला सांगितलं होतं, त्या सोमवारच्या आधी सांगितलं होतं. मी तिसऱ्या विषयात नव्या पायपुसण्याची गरज नोंदवली. सगळ्यांनी सह्या केल्या.

तेव्हापासून गीतांचे आकडे मी लावते आणि पंखे मी बंद करते.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचा डावा हात कापतो. गेल्या वर्षापासून तिला नावं आठवेनाशी झाली आहेत. आधी शेजाऱ्यांची गेली, मग डाळींची. गीतं सगळी पाठ आहेत. उपासना अजून तीच चालवते. कागदावर मी क्रम लिहून देते. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू वाढत जाईल. या वर्षी झाडं पुन्हा तशीच फुलली. टँकर पुन्हा एक दिवसाआड येऊ लागला. मला कळलं की आणखी थांबले तर सांगायला मी असेन, पण ऐकायला ती नसेल.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी ती टेबलाच्या जांभळ्या कापडाला इस्त्री करत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, पप्पांनी ती नोंद काढायला सांगितली होती."

"कुठली?"

"तुझी. आशीर्वचनाची."

इस्त्री चालूच होती. "कधी?"

"शेवटच्या दिवसांत. गुरुवारी. टँकर आला होता, तू खाली होतीस."

ती हिशोब करत असावी. गुरुवार, मग सोमवार. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तो दिवस तिला आठवतो. बाकी कितीतरी गेलं होतं, तो सोमवार गेला नव्हता.

"मग तू काय म्हणालीस?"

"मंजूर झालेलं इतिवृत्त असं खोडता येत नाही. पुढच्या सभेत दुरुस्ती मांडावी लागेल."

"बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. कापड उलटलं. "नियम तोच आहे." मग, माझ्याकडे न बघता, "माझ्याबद्दल काही म्हणाले?"

"एक वाक्य म्हणाले."

तिने इस्त्री उभी केली. "काय म्हणाले?"

मी तीस वर्षं डेस्कवर आहे. बातमीदाराकडे टिपण नसेल तर मी अवतरण काढून टाकते. साधारण असं म्हणाला, हे मी चालू देत नाही. त्या गुरुवारी पप्पा बोलत होते तेव्हा मी वहीतल्या पानाकडे बघत होते. ते बोलत असतानाच माझं उत्तर तयार होत होतं. वाक्य लहान होतं, त्यात सिस्टर हा शब्द होता, आणि शेवटी श्वास संपला होता. एवढंच माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत मी ते वाक्य खूप वेळा जुळवून बघितलं. कितीतरी वाक्यं बसतात.

"शब्द आठवत नाहीत, आई."

"साधारण सांग."

ती वाट बघत होती. कुठलंही बरं वाक्य तिला चाललं असतं. ते खरं आहे की नाही हे तपासणारं आता कोणी नव्हतं, आणि तिला ते किती दिवस लक्षात राहिलं असतं, देव जाणे. मी तोंड उघडलं.

"नाही आठवत," मी म्हणाले.

"तुझं वाक्य तुला आठवतं."

"हो."

"सरी," ती म्हणाली. ठीक, असं, भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस संपवताना म्हणते तसं. आणि तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. डावा हात कापत होता म्हणून ती कापड कोपराने दाबून धरत होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बाकांवर सकाळच्या लोकांच्या झावळ्या पडल्या होत्या. काहींनी पातीचे छोटे क्रूस विणले होते आणि तिथेच विसरले होते. मी ते गोळा करून खिडकीत ठेवले. सकाळचे आकडे काढले, आमचे लावले. आठ पंखे एकेक करून सुरू केले. जांभळं कापड टेबलावर अंथरलं, त्याला एकही सुरकुती नव्हती. निखिल उशिरा आला आणि मागे बसला. स्नेहलची मुलगी आता शाळेत जाते. तिने झावळी पंख्याला लावायचा प्रयत्न केला आणि बोलणी खाल्ली.

आईने सगळी उपासना कागदाकडे न बघता घेतली. शेवटचं गीत झालं. लोक उभे राहिले. तिने टेबलाची कड धरली.

मी मागच्या भिंतीशी गेले. बटणावर बोट ठेवलं, आणि मग काढून घेतलं.

पंखे फिरत राहिले. खिडकीतल्या झावळ्या हलत होत्या. लोक वाट बघत होते. पहिल्या बाकावर कोणीतरी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. दारात अँथनी अण्णा येऊन उभा राहिला, आमच्याकडे बघून त्याने काही विचारलं नाही. आईने मान वर केली आणि लोकांच्या डोक्यांवरून थेट माझ्याकडे बघितलं. मी का थांबले आहे ते तिला कळलं होतं. तिचे हात टेबलाच्या कडेवरून सुटले. वीतभर वर आले. डावा कापत होता. तिने त्याच्याकडे बघितलं, उजव्या हाताने तो धरला आणि दोन्ही हात जांभळ्या कापडावर खाली ठेवले.

"पंखे," ती म्हणाली.

वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज होता. मी एकेक बटण बंद केलं, लावली होती त्याच्या उलट क्रमाने. शेवटच्या पंख्याची पाती थांबेपर्यंत लोक उभे राहिले.